सुगंधी तेल जंतूंवर किती चालतं? नाशिकमध्ये पहिल्यांदाच मोजणाऱ्यांसाठी

प्रोजेक्टचा हंगाम आला की सूक्ष्मजीवशास्त्राची मुलं रविवार कारंज्यावरून लवंगेचं, निलगिरीचं, गवती चहाचं तेल आणतात. कागदाच्या चकत्या तेलात बुडवून प्लेटवर ठेवतात, दुसऱ्या दिवशी स्वच्छ गोल मोजतात आणि ‘अमुक तेल अमुक अँटिबायोटिकपेक्षा प्रभावी’ असं लिहून मोकळी होतात. मेहनत खरी असते, निष्कर्ष मात्र टिकत नाही. झोन (म्हणजे तो स्वच्छ गोल) मोठा म्हणजे तेल जोरकस, हे समीकरण अँटिबायोटिकला बऱ्यापैकी लागू पडतं, तेलाला नाही. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ओल्या अगरमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाही. आणि ते उडून जातं, म्हणून चकतीवर टाकलेलं सगळं तिथे राहत नाही. खरोखर जोरदार पण चिकट, कमी पसरणारं तेल छोटा झोन देतं. सौम्य पण चपळ तेल मोठा झोन देऊन जातं.

म्हणून मोजायची खरी गोष्ट आहे एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं तेलाचं कमीत कमी प्रमाण. झोन फक्त चाळणीसाठी. हा लेख त्याच क्रमाने जातो, आणि एमआयसीपाशी जास्त थांबतो.

घरी हे करू नका. जंतू वाढवायला लॅब, लॅमिनार (निर्जंतुक हवेचं कपाट), ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) आणि शेजारी जाणतं माणूस लागतं. केटीएचएम, एचपीटी-आरवायके अशा महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. विभागप्रमुखांना रीतसर पत्र देऊन परवानगी मागणं हा सरळ रस्ता.

आधी तेल नीट घ्या

अर्ध्याहून अधिक गोंधळ इथेच होतो. बाजारात ‘लवंग तेल’ म्हणून मिळणारी बाटली कधी शुद्ध असते, तर कधी एखाद्या खाद्यतेलात किंवा द्रावकात पातळ केलेली असते. एक साधी चाचणी आहे. फिल्टर पेपरवर तेलाचा एक थेंब टाका आणि उघड्यावर ठेवून द्या. सुगंधी तेल उडून जातं, फार तर फिकट रंगाची कडा राहते. दुसऱ्या दिवशीही कागद उजेडात धरल्यावर पारदर्शक, तेलकट डाग दिसला तर त्यात न उडणारं तेल मिसळलेलं आहे, ती बाटली बाजूला ठेवा. लवंगेच्या तेलाची घनता १.०५ च्या आसपास असते, म्हणून त्याचा थेंब पाण्यात तळाला जातो. गवती चहाचं किंवा निलगिरीचं तेल वर तरंगतं. या चाचण्यांत ढोबळ भेसळच पकडली जाते. अल्कोहोलसारखं उडून जाणारं द्रावक मिसळलं असेल तर कागद काहीच सांगत नाही. म्हणून शक्य तिथे विक्रेत्याकडून त्याच लॉटचा जीसी-एमएस अहवाल (कोणते घटक किती आहेत हे सांगणारा) मागा. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि लॉट नंबर नसेल तर ते तेल प्रयोगासाठी घेऊच नका. कारण मोजायचं असतं ते नावाचं नव्हे, घटकांचं काम: लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, गवती चहात सिट्रल, निलगिरीत सिनिओल. एकाच झाडाच्या तेलातही हे प्रमाण जातीप्रमाणे, हंगामाप्रमाणे, पाला ताजा की वाळलेला याप्रमाणे बदलतं.

स्वतः तेल काढणार असाल तर क्लेव्हेंजर (वाफेसोबत येणारं तेल वेगळं करणारं) उपकरण लागेल. पाण्यासोबत तीनेक तास उकळा. लवंग उदार आहे, १०० ग्रॅममधून साधारण १५ मिलिलिटर तेल येतं. गवती चहाचा एक किलो ओला पाला मात्र जेमतेम २ ते ४ मिलिलिटर देतो, तेव्हा पाला तेवढा आणा. मिळालेल्या तेलातलं पाणी निर्जल सोडियम सल्फेटने काढा. तेल गडद रंगाच्या छोट्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रीजमध्ये ठेवा. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत हवा, आणि हवेने तेलाचे घटक बदलतात. नाशिकचा एप्रिल-मे बाकावर ठेवलेल्या तेलाला मानवत नाही.

एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. नेहमीच्या वापरून-टाकायच्या पेट्री प्लेट आणि ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेट पॉलिस्टायरीनच्या असतात. लवंग, दालचिनी, संत्र्याच्या सालीचं तेल असं काही जास्त प्रमाणात पडलं की हे प्लास्टिक मऊ पडतं, धुरकट होतं. वेलचा तळ पांढुरका दिसला की तुम्ही त्याला जंतूंची वाढ समजता. शक्यतो काचेच्या पेट्री आणि पॉलिप्रॉपिलीनच्या वेल प्लेट वापरा.

जंतू कुठून आणायचा

गटारातून किंवा कुणाच्या जखमेतून काढलेला ‘स्थानिक’ जंतू घेऊन सुरुवात करू नका. तुमचा आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशेजारी ठेवता यावा म्हणून प्रमाणित जंतू लागतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा संग्रह आहे, चंदीगडला एमटीसीसी. मागणी संस्थेमार्फत करा. जगभर वापरले जाणारे जंतू म्हणजे ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (एटीसीसी हा अमेरिकेतला संग्रह), डिस्कच्या म्हणजे चकतीच्या चाचणीसाठी स्टॅफिलोकोकस ऑरिअस एटीसीसी २५९२३ आणि एमआयसीसाठी त्याचाच भाऊ २९२१३. हात बसेपर्यंत बॅसिलस सबटिलिससारखा निरुपद्रवी जंतू घ्या, पद्धत तीच राहते. स्यूडोमोनासवर पहिल्यांदा हात घालू नका. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचं (ई. कोलाय, स्यूडोमोनास यांच्या गटाचं) बाहेरचं आवरण तेलाला अडवतं आणि स्यूडोमोनास त्यातला सगळ्यात चिवट. काहीच न दिसल्यावर चूक तेलात आहे की हातात, हे नवख्याला कळत नाही.

गढूळपणा जुळवणं

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण पुढचा सगळा हिशेब हिच्यावर उभा आहे. आदल्या दिवशी स्ट्रीक केलेल्या (जंतू रेघांनी पसरवलेल्या) प्लेटवरून चार-पाच कॉलन्या लूपने घ्या, निर्जंतुक सलाइनमध्ये कालवा आणि ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मानकाशी जुळवा. हे मानक लॅबमध्येच बनतं: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिलिलिटर आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मिलिलिटर. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा मारा, दोन्ही नळ्या पुढे धरा आणि रेघा सारख्याच धूसर दिसेपर्यंत सलाइन किंवा जंतू वाढवा. फोटोमीटर असेल तर ६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३ वाचन यावं. ई. कोलायच्या बाबतीत याचा अर्थ मिलिलिटरला सुमारे १५ कोटी पेशी. मानकाची नळी वापरण्याआधी जोरात हलवा, कारण बेरियमचा साका तळाला बसतो. जुळवलेलं सस्पेन्शन (जंतू कालवलेलं सलाइन) १५ मिनिटांच्या आत वापरा. चहाला गेलात तर परत येईपर्यंत आकडा बदललेला असतो.

डिस्क: चाळणीपुरती

म्युलर-हिंटन अगर ४ मिलिमीटर जाडीचा हवा, म्हणजे ९० मिलिमीटरच्या प्लेटला सुमारे २५ मिलिलिटर. थंडीत बाटलीतलं अगर ओतता ओतता गुठळ्या धरतं, म्हणून प्लेट आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. स्वॅब सस्पेन्शनमध्ये बुडवा, नळीच्या आतल्या भिंतीवर दाबून जादा पाणी काढा, आणि प्लेट दर वेळी ६० अंशांनी फिरवत तीनदा पूर्ण सारवा. ६ मिलिमीटरच्या निर्जंतुक चकतीवर १० मायक्रोलिटर तेल टाका आणि चकती लगेच प्लेटवर ठेवा. एका प्लेटवर दोन-तीनपेक्षा जास्त तेलं नकोत. झाकणाखाली वाफ फिरते आणि शेजारच्या तेलाचा झोन फुगवते.

प्रत्येक वेळी दोन कंट्रोल ठेवा: नुसत्या द्रावकाची चकती आणि एक अँटिबायोटिक. १० मायक्रोग्रॅम जेंटामायसिनच्या चकतीने ई. कोलाय २५९२२ वर १९ ते २६ मिलिमीटरचा झोन द्यायला हवा. तो या हद्दीबाहेर गेला तर अगर, जंतू किंवा हात यांपैकी काहीतरी बिघडलंय, त्या दिवसाचे तेलाचे आकडे फेकून द्या. जेंटामायसिनचं काम एवढंच. त्याच्या झोनशी तेलाचा झोन ताडून ‘प्रभावी’ किंवा ‘कमी प्रभावी’ म्हणू नका. चकतीवर तेल काही मिलिग्रॅम असतं आणि औषध १० मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळजवळ हजारपट फरक. ३५ अंशांवर १६ ते १८ तासांनी व्हर्नियरने व्यास मोजा, चकती धरून. ६ मिलिमीटर म्हणजे शून्य.

एमआयसी: इथे वेळ द्या

पहिला प्रश्न असा की पाण्यासारख्या ब्रॉथमध्ये (जंतूंच्या पातळ खाद्यात) तेल मिसळायचं कसं? प्रत्येक जण काहीतरी घालतो. अल्कोहोल स्वतःच जंतू मारतं, ते टाळा. डीएमएसओ हे द्रावक चालतं, पण शेवटच्या मिश्रणात १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. साबणासारखं काम करणारं ट्वीन-८० सोपं वाटतं, पण जास्त झालं की तेल त्याच्या सूक्ष्म थेंबांत अडकून बसतं आणि जंतूपर्यंत पोहोचतच नाही. तेल बिचारं उगाच कमजोर ठरतं. माझी पसंती म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये ०.१५ टक्के अगर घालण्याला आहे, १०० मिलिलिटरला ०.१५ ग्रॅम. ब्रॉथ किंचित दाट होतो, थेंब वर येऊन तरंगत नाहीत, आणि अगर जंतूला काही करत नाही. काहीही वापरलं तरी कंट्रोलमध्ये तेच, तेवढंच असायला हवं.

९६० मायक्रोलिटर असा ब्रॉथ घ्या, त्यात ४० मायक्रोलिटर तेल घाला आणि व्होर्टेक्सवर दुधाळ होईपर्यंत फिरवा. हे झालं ४ टक्के. प्लेटच्या एका ओळीत २ ते ११ नंबरच्या वेलमध्ये १०० मायक्रोलिटर आणि १२ नंबरमध्ये २०० मायक्रोलिटर अगरवाला ब्रॉथ भरा. १ नंबरमध्ये ४ टक्क्यांचं मिश्रण २०० मायक्रोलिटर. आता १ मधून १०० उचलून २ मध्ये टाका, पिपेटने सात-आठ वेळा वर-खाली करा, टिप बदला, २ मधून ३ मध्ये, असं १० पर्यंत. १० मधून उचललेले १०० टाकून द्या. टिप बदलायचा आळस करू नका. टिपच्या आतल्या भिंतीला चिकटलेलं तेल पुढे पुढे जातं आणि शेवटच्या वेलमध्येही हवं त्याहून जास्त तेल पोहोचतं.

आता जंतू. जुळवलेल्या सस्पेन्शनचे ०.१ मिलिलिटर १४.९ मिलिलिटर ब्रॉथमध्ये टाका, म्हणजे मिलिलिटरला सुमारे १० लाख पेशी झाल्या. यातले १०० मायक्रोलिटर १ ते ११ नंबरच्या प्रत्येक वेलमध्ये घाला. सगळं निम्मं झालं: जंतू ५ लाख, आणि तेल २ टक्क्यांपासून १, ०.५, ०.२५ असं उतरत दहाव्या वेलमध्ये ०.००४ टक्के. अकराव्यात तेल नाही, तिथे जंतू मस्त वाढायला हवेत. बाराव्यात जंतू नाहीत, तिथे काहीच उगवता कामा नये. याशिवाय एक अख्खी ओळ तेल आहे पण जंतू नाही अशी ठेवा, तिथे जंतूंऐवजी साधा ब्रॉथ घाला. तिचा उपयोग पुढे कळेल.

प्लेट उघडी ठेवू नका, चिकट पारदर्शक फिल्म लावा. जोरदार तेलाची वाफ शेजारच्या वेलमध्ये शिरते आणि तिथल्या जंतूंनाही दाबते. तुम्हाला वाटतं ०.०३ टक्क्यालाही वाढ थांबली, आणि प्रत्यक्षात काम त्याच प्लेटवरच्या २ टक्केवाल्या वेलच्या वाफेने केलेलं असतं. दोन वेगळी तेलं एकाच प्लेटवर घेऊ नका आणि जंतूंचा एक जादा कंट्रोल दुसऱ्या प्लेटवर लावा. तिथे जंतू नेहमीसारखे वाढले आणि तेलाच्या प्लेटवरच्या अकराव्या वेलमध्ये दबलेले दिसले, तर दोष वाफेचा.

३५ अंशांवर १६ ते २० तास. लाइट जाण्याची शक्यता असेल तर इनक्युबेटरला इन्व्हर्टर आहे का ते आधीच पाहा.

वाचन

तेलाचं मिश्रण मुळातच दुधाळ असल्याने नुसत्या डोळ्यांनी वाढ कळत नाही. रेझाझुरिन या निळ्या रंगाचं ०.०१५ टक्के निर्जंतुक द्रावण प्रत्येक वेलमध्ये ३० मायक्रोलिटर घाला आणि दोन ते चार तास पुन्हा ठेवा. जिवंत जंतू निळ्याचं गुलाबी करतात. निळी राहिलेली सगळ्यात कमी तेलाची वेल म्हणजे एमआयसी. आता त्या जंतू नसलेल्या ओळीकडे पाहा. लवंगेसारख्या तेलातले घटक जंतूंशिवायही रंग बदलवू शकतात. तसं झालं तर त्या वेलचं वाचन धरू नका, तिथला थोडा नमुना साध्या अगरवर लावून वाढ तपासा.

वेल निळी राहिली म्हणजे जंतू मेले असं नाही, ते फक्त थांबले असतील. मेले का हे पाहायला रंग घालण्यापूर्वी प्रत्येक वेलमधून १० मायक्रोलिटर घेऊन साध्या अगर प्लेटवर पसरवा. सुरुवातीला मिलिलिटरला ५ लाख जंतू होते, म्हणजे १० मायक्रोलिटरमध्ये ५,०००. ९९.९ टक्के मेले तर ५ किंवा त्याहून कमी कॉलन्या दिसतील. ज्या सगळ्यात कमी प्रमाणाला हे घडतं ते एमबीसी, म्हणजे जंतू मारायला लागणारं कमीत कमी प्रमाण.

प्रयोग वेगवेगळ्या दिवशी, ताज्या सस्पेन्शनने किमान तीनदा करा. एकाच दिवशी एकाच नळीतून भरलेल्या तीन ओळी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. दुप्पट-दुप्पट पातळ करण्याच्या पद्धतीत एका पायरीचा फरक पद्धतीतच असतो. म्हणून एका तेलाची एमआयसी ०.२५ आणि दुसऱ्याची ०.५ आली तर दोघांत फरक आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. दोन पायऱ्यांहून जास्त अंतर आलं तर बोला. आणि तीन आकड्यांची साधी सरासरी काढू नका, मधला आकडा द्या.

कांद्याच्या काळ्या बुरशीसाठी

नाशिकमध्ये हे काम करणाऱ्याला शेतकरी पहिलं विचारतो ते जंतूंचं नाही, बुरशीचं. द्राक्षाच्या डाउनी आणि भुरी या रोगांवर तेल प्लेटमध्ये तपासता येत नाही. त्या दोन्ही रोगांचे कारक जिवंत झाडाशिवाय वाढतच नाहीत, त्यांची चाचणी पानांवरच करावी लागते. साठवलेल्या कांद्याच्या सालीवर येणारी काळी भुकटी, म्हणजे अॅस्परजिलस नायजर, मात्र बटाटा-डेक्स्ट्रोज अगरवर छान वाढते. तिचे बीजाणू हवेत सहज उडतात आणि छातीला त्रास देतात. प्लेट हुडमध्येच उघडा, मास्क लावा.

अगर ४५ ते ५० अंशांपर्यंत थंड झालं की तेल आणि अगदी थोडं ट्वीन मिसळून लगेच ओता. मध्यभागी बुरशीचा ६ मिलिमीटरचा तुकडा ठेवा आणि २५ ते २८ अंशांवर वाढवा. ‘खोलीचं तापमान’ लिहून सुटू नका. डिसेंबरात निफाडकडे रात्री पारा १० च्या खाली जातो आणि तिथे बुरशी थंडीनेच मंदावते, श्रेय तेलाला मिळतं. कंट्रोल प्लेट भरत आली की दोन्ही व्यास मोजा, दोन्हींतून ६ वजा करा आणि कंट्रोलच्या तुलनेत किती टक्के वाढ रोखली ते काढा.

वाफेची चाचणी वेगळी करा, साठवणीसाठी तीच जास्त महत्त्वाची. प्लेट उलटी ठेवा, झाकणात फिल्टर पेपरच्या तुकड्यावर १० मायक्रोलिटर तेल, कडा पॅराफिल्मने बंद. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये मोकळी हवा ७५ मिलिलिटरच्या आसपास असते, तेव्हा हे प्रमाण लिटरला सुमारे १३० मायक्रोलिटर झालं. असंच लिहा, नाहीतर दुसऱ्याला तुलना करता येत नाही. प्लेटमध्ये बुरशी पूर्ण थांबली तरी शेतकऱ्याला लगेच ‘चाळीत वापरा’ म्हणू नका. कांदा चाळ बांधतातच मुळी हवा खेळती राहावी म्हणून, तिथे वाफ टिकत नाही. पुढची पायरी बंद क्रेटमध्ये, खऱ्या कांद्यावर.

आवरताना आणि लिहिताना

वापरलेल्या प्लेट आणि नळ्या १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला अर्धा तास ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात जाऊ देऊ नका. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, ते ज्वालाग्राही आहे. बर्नरजवळ उघडी बाटलीही नको. दालचिनीचं किंवा लवंगेचं तेल अंगावर सांडलं तर कातडीची आग होते, नायट्राइलचे हातमोजे घाला.

वहीत नुसतं ‘एमआयसी ०.२५’ लिहिलं तर वर्षभराने तुम्हालाही त्याचा अर्थ लागणार नाही. पूर्ण ओळ अशी असावी: तेलाचं शास्त्रीय नाव, कोणता भाग, लॉट किंवा काढल्याची तारीख, मुख्य घटक, जंतूचा संग्रह क्रमांक, माध्यम आणि मिसळक, सुरुवातीची जंतुसंख्या, तापमान, तास, वाचनाची पद्धत, किती वेगळ्या दिवशी केलं. आकडा टक्क्यांत दिला तर शेजारी मिलिग्रॅममध्येही द्या, घनतेने गुणून. ०.२५ टक्के म्हणजे मिलिलिटरला २.५ मायक्रोलिटर. लवंगेच्या बाबतीत ते २.६ मिलिग्रॅम, तर ०.८९ घनतेच्या गवती चहाच्या तेलाचं २.२ मिलिग्रॅम. आणि कंट्रोलमध्ये काय दिसलं, ते आकड्याच्या आधी लिहा.